सोन्यावर मुलामा आणि मुलाम्याची कसोटी

मागच्या महिन्यात एका वाचक भगिनीने विचारलं होतं की घरच्या घरी गर्भधारणा तपासायच्या पट्टीवर उमटणारी लाल रेघ कसली असते. मी उत्तर दिलं, बहुतेक पट्ट्यांमध्ये ती सोन्याची असते. सोन्याचे वीस-चाळीस नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण, वर प्रतिपिंडांचा थर. असे असंख्य कण एका रेघेत अडकले की लाल दिसतात. जाता जाता एक ओळ टाकली होती, की हेच कण पट्टीवर न राहता औषध म्हणून शरीरात सोडायचे झाले तर त्यांची तपासणी भलतीच किचकट असते आणि माझी नोकरीची बरीच वर्षं त्यातच गेली. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर तिलाच देते. केस गळणं आणि फिल्टरचं पाणी पुढच्या अंकात.

प्रश्न : गुजरीत आमचं चार पिढ्यांचं सराफी दुकान आहे. सोनं गंजत नाही, विटत नाही, चुकून गिळलं तरी जसंच्या तसं बाहेर येतं. वर्ख लावलेली मिठाई लोक खातातच. मग चोवीस कॅरेटच्या सोन्याची सुरक्षितता म्हणजे तुम्ही नेमकं काय तपासता? का अनुदान संपवायचे उद्योग? – एक सराफ, कोल्हापूर

टोमणा पोचला. पण प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे, म्हणून पहिला घेतला.

तुमचं म्हणणं खरं आहे, फक्त ते तुमच्या मापाच्या सोन्याबद्दल खरं आहे. तोळाभर, म्हणजे दहा ग्रॅम धरू, सोन्याची अंगठी घ्या. तिचा बाहेरचा पृष्ठभाग काही चौरस सेंटिमीटर. तेवढंच सोनं पंधरा नॅनोमीटरच्या गोळ्यांमध्ये वाटलं तर सगळ्या गोळ्यांचा मिळून पृष्ठभाग दोनशे चौरस मीटरच्या वर जातो. फुटांत सांगते, साधारण २,२०० चौरस फूट. डोंबिवलीत तेवढ्यात तीन बिऱ्हाडं नांदतात. आणि रक्ताचा, पेशींचा संबंध येतो तो या पृष्ठभागाशीच, आतल्या सोन्याशी नाही.

आता हे २,२०० फूट उघडे ठेवता येत नाहीत. उघडे कण एकमेकांना चिकटून गाळ होतो. म्हणून त्यांच्यावर काहीतरी चढवावं लागतं. तुम्ही तांब्या-पितळेवर सोन्याचा मुलामा देता. आम्ही सोन्यावर दुसऱ्याच कशाचा तरी मुलामा देतो. कधी सायट्रेट, म्हणजे लिंबाच्या आंबटपणातल्या आम्लाचा क्षार. कधी प्रथिन. कधी पॉलिएथिलीन ग्लायकॉल, ज्याला आम्ही सगळे नुसतं 'पेग' म्हणतो आणि जे पोट साफ व्हायच्या पावडरमध्येही असतं. थोडक्यात, शेठ, तुमचा टंच इथे जवळजवळ बिनमहत्त्वाचा. कस लावायचा तो मुलाम्याला.

तुम्हाला आवडेल अशी एक कसोटी सांगते. सोन्याचा चांगला द्राव दिसतो डाळिंबाच्या रसासारखा लाल. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये लंडनला असे द्राव केले होते, त्यातल्या बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत. या लाल द्रावात चिमूटभर मीठ टाकायचं. मुलामा नुसता सायट्रेटचा असेल तर बघता बघता रंग जांभळा, मग निळसर होतो, कारण मिठाने कणांमधलं एकमेकांना दूर लोटणारं बळ झाकलं जातं आणि ते गोळा होतात. पेग नीट बसलं असेल तर रंग हलत नाही. आपलं रक्त खारटच आहे. मिठाला न टिकणारा कण शिरेत काय टिकणार? मुलाखतीला आलेल्या मुलांना मी हे टेबलावर करून दाखवायला सांगायची. कणांचं माप घेणारी लेझरची यंत्रं नंतर.

आता माझी फजिती. साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही गोल नव्हे, लांबुळके कण करत होतो, तांदळाच्या दाण्यासारखे. ते करायला 'सीटॅब' नावाचा साबणी पदार्थ लागतो, जखम धुवायच्या औषधात सेट्रिमाइड असतं ना, त्याच्याच घराण्यातला. संध्याकाळी कण बशीत वाढवलेल्या पेशींवर घातले आणि घरी गेले. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहते तर बशीतल्या सगळ्या पेशी तळ सोडून गोल होऊन तरंगतायत, म्हणजे मेलेल्या. मी वहीत लिहून टाकलं : लांबुळकं सोनं विषारी. आमच्या प्रयोगशाळेत एक वयस्कर बाई होत्या, फारशा बोलायच्या नाहीत. त्यांनी वही वाचली आणि म्हणाल्या, "नळी फिरव, सोनं खाली बसव आणि वरचं नुसतं पाणी पेशींना घाल." घातलं. त्या बिनरंगी पाण्यानेही पेशी तशाच मेल्या. सोन्याचा काही दोष नव्हता, धुवायचा राहिलेला सीटॅब मारत होता.

हे आमचंच शहाणपण नव्हे. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनात २००५ मध्ये हेच दिसलं होतं : मोकळा सीटॅब पेशी मारतो, धुतलेले कण आत जाऊनही मारत नाहीत. आम्ही तो लेख वाचलेला होता. वाचलेलं असणं आणि सकाळी साडेनऊला आठवणं यात फरक असतो.

मग धू म्हणावं तर तेही सोपं नाही. एकदा धुतलं, सीटॅब उरतो. तीनदा धुतलं की मुलामाच सुटायला लागतो आणि कणांचा गाळ होतो. शेवटी सीटॅब काढून त्या जागी गंधकाच्या टोकाने सोन्याला घट्ट धरणारं पेग बसवावं लागतं. गंधक आणि सोन्याची ही मिठी हा या सगळ्या धंद्याचा डाख आहे असं समजा. तोही कायमचा नसतो. पेशीच्या आत गंधकाचीच दुसरी रसायनं असतात, ती हळूहळू त्याला हुसकून जागा घेतात. म्हणून कण आज तपासून भागत नाही. महिनाभर फ्रीजमध्ये ठेवून, रक्तद्रवात एक दिवस भिजवून पुन्हा तपासायचा.

आणि माप. जर्मनीतल्या आखेनच्या संशोधकांनी २००७ मध्ये एकाच तऱ्हेचा मुलामा दिलेले लहानमोठे कण पेशींवर घालून पाहिले. पंधरा नॅनोमीटरचे कण साठपट मात्रेतही निरुपद्रवी. १.४ नॅनोमीटरचे मात्र मारक. त्या इवल्याशा कणात अणू असतात ५५ आणि त्यातले ४२ बाहेरच्या अंगाला. इतकं उघडं पडलेलं सोनं मग तुमच्या दुकानातल्यासारखं निर्विकार वागत नाही. पंधरा नॅनोमीटरच्या कणात लाखभर अणू असतात, बहुतेक घरात बसलेले.

तेव्हा अनुदान संपतं खरं, पण ते अशा ठिकाणी संपतं.

प्रश्न : मी जैवतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पात सोन्याचे कण पेशींवर घालून एमटीटी चाचणी केली. सर्वात जास्त मात्रेला पेशी १३० टक्के जिवंत आल्या! कणांमुळे पेशी वाढल्या असं लिहू का? मार्गदर्शक म्हणतात, लिही. – एक विद्यार्थिनी, लातूर

नको लिहूस गं.

इतर वाचकांसाठी : या चाचणीत पेशींना पिवळं रसायन देतात. जिवंत पेशी त्याचं जांभळं करते. जांभळं किती झालं ते ५७० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचं. जास्त जांभळं म्हणजे जास्त जिवंत. १९८३ पासून जगभर चालत आलेली, स्वस्त आणि मस्त पद्धत. आता सोन्याचे कण स्वतःच ५२० च्या आसपास प्रकाश शोषतात आणि गोळा झाले की ते शोषण सरकत ५७० च्या दिशेने जातं. तुझ्या यंत्राला पेशीचं जांभळं आणि सोन्याचं जांभळं यातला फरक कळत नाही. ते दोन्हीची बेरीज करून तुला १३० देतं.

उद्या असं कर. एका ओळीत पेशी नसलेले, फक्त कण आणि रसायन घातलेले खण ठेव. त्यांचं येईल ते माप वजा कर. मग दुसऱ्या तऱ्हेची एखादी चाचणी लाव, जिच्यात रंग वेगळ्या जागी मोजतात किंवा मेलेल्या पेशीतून बाहेर गळणारं विकर मोजतात, आणि त्यातही रिकाम्या खणांची ओळ ठेव, कारण सोनं तिथेही लुडबुड करू शकतं. दोन चाचण्या एक बोलल्या तर लिही. आणि तुझ्याच बशा सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघ. हल्ली मुलं यंत्राचा आकडा आधी बघतात आणि पेशी नंतर, किंवा नाहीच.

आणखी एक विचारते : पाणी कुठलं वापरलंस? कारण दुसरा ठरलेला घोळ जंतुविषाचा. जिवाणू मेले तरी त्यांच्या भिंतीचे तुकडे, एंडोटॉक्सिन, पाण्यात राहतात. उकळून जिवाणू मरतात, हे तुकडे नाही. काचेची भांडी २५० अंशांवर अर्धा तास कोरडी भाजावी लागतात तेव्हा कुठे ते जातात. सोन्याच्या कणांना हे तुकडे हौसेने चिकटतात. मग पेशींना दाह होतो आणि नाव सोन्याचं. तपासायला नालखेकड्याच्या निळ्या रक्ताचा अर्क वापरतात. हा प्राणी आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडतो. तुमच्या महाविद्यालयात ही चाचणी नसेल तर निदान अहवालात 'एंडोटॉक्सिन तपासलेलं नाही' असं स्वच्छ लिही. परीक्षक चांगला असेल तर त्याचेच दोन गुण जास्त देईल.

उत्तम नमुना हवा तर पुण्यातलाच आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र इथल्या मंडळींनी मिळून २००५ मध्ये उंदराच्या भक्षक पेशींवर साडेतीन नॅनोमीटरचे सोन्याचे कण घालून पाहिले. भक्षक पेशी निवडल्या हे मला फार आवडलं होतं, कारण शरीरात परकं काही आलं की पहिली धाड त्याच टाकतात. पेशी मेल्या की जगल्या एवढ्यावर ते थांबले नाहीत. दाहाचे निरोप बाहेर पडतात का ते मोजलं (नव्हते पडत), आणि कण पेशीत शिरून कुठल्या पिशवीत जाऊन बसतात तेही चित्रांनिशी दाखवलं. मार्गदर्शकांनाही वाचायला दे. माझं नाव सांगू नकोस.

प्रश्न : माझ्या आईला १९८० च्या दशकात संधिवातासाठी सोन्याची इंजेक्शनं दिली होती. दर वेळी आधी लघवी तपासायचे. ते सोनं आणि हे सोनं एकच का? आणि आता नातीला सुवर्णप्राशन द्यावं असा सुनेचा आग्रह आहे, ते देऊ का? – एक आजी, डोंबिवली

एकच नाही. आईंना दिलं तो सोन्याचा क्षार होता, पाण्यात विरघळणारा. त्यात सोन्याचा अणू धातूच्या रूपात नसतो, तो प्रथिनांना जाऊन चिकटतो आणि बराच खोडकर असतो. काहींच्या मूत्रपिंडातून प्रथिन गळायला लागायचं, म्हणून ती लघवीची तपासणी. काहींना पुरळ उठायचं. फार वर्षं घेतलेल्यांची उन्हात उघडी राहणारी कातडी राखाडी-निळसर व्हायची. माझ्या मोठ्या मावशीचा चेहरा मला तसाच आठवतो. सगळे म्हणायचे, इंजेक्शन सोन्याचं आणि रंग शिशाचा. पुढे मेथोट्रेक्सेट आलं आणि ती इंजेक्शनं मागे पडली.

नॅनोकणातलं सोनं धातूच असतं. म्हणून आईंचा अनुभव त्याला सरसकट लावता येत नाही, चांगलाही नाही आणि वाईटही नाही.

सुवर्णप्राशनाचं विचारलंत म्हणून सांगते. त्यात चाटवतात त्या सुवर्णभस्माच्या एका नमुन्यात ५६-५७ नॅनोमीटरचे सोन्याचे कण आढळल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हापासून 'आपल्या पूर्वजांचं नॅनोतंत्रज्ञान' असे संदेश फिरतात. पण एका नमुन्यात कण सापडले म्हणजे बाजारातली प्रत्येक कुपी तपासली गेली असं होत नाही. भस्म करायच्या अनेक कृतींमध्ये पारा वापरतात. शेवटी तो किती उरला याचा त्या घाण्याचा कागद विक्रेत्याकडे मागा. दाखवला नाही तर द्यायचं नाही, आणि दाखवला तरी तिच्या बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. सुनेला माझ्या नावावर सांगा, भांडण मी घेते.

प्रश्न : आपण मागे लिहिलेत की हे कण यकृतात साठतात. जे शरीराबाहेर पडत नाही ते माणसाला टोचण्याची परवानगी मुळात मिळतेच कशी? – एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

सर, हाच तो प्रश्न, ज्यावर आमच्या बैठका जेवणाच्या सुट्टीशिवाय चालायच्या.

आधी काय होतं ते. कण शिरेत गेला की काही क्षणांत रक्तातली प्रथिनं त्याला लपेटतात. आपण दिलेल्या मुलाम्यावर शरीर स्वतःचा मुलामा चढवतं. यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी तो ओळखून गिळतात. मूत्रपिंडाच्या चाळणीतून जायला कण साडेपाच नॅनोमीटरच्या आतला हवा. औषधाचे बहुतेक कण त्याहून मोठे. नेदरलँड्समध्ये २००८ मध्ये उंदरांना १०, ५०, १०० आणि २५० नॅनोमीटरचे कण टोचून चोवीस तासांनी अवयव तपासले. मोठे कण मुख्यतः रक्त, यकृत आणि प्लीहेत. दहाचे मात्र सगळीकडे : मूत्रपिंड, हृदय, फुप्फुस, वृषण, मेंदूसुद्धा. हे मोजणं, गंमत म्हणजे, सोन्यामुळेच सोपं जातं. अवयवाचा तुकडा दहावीच्या पुस्तकातल्या आम्लराजात विरघळवायचा आणि यंत्रात घालायचा. शरीरात एरवी सोनं जवळजवळ नसतंच, त्यामुळे जे सापडेल ते आपणच घातलेलं. लोखंडाचे कण तपासणाऱ्यांना हे सुख नाही.

आणि सुटका? दुसऱ्या एका प्रयोगात उंदरांना ४० नॅनोमीटरचे कण टोचले. सहा महिन्यांनी यकृतातलं सोनं घटलं होतं अवघं नऊ टक्के. सहा महिने म्हणजे उंदराच्या आयुष्याचा चौथा हिस्सा तरी असेल.

पेग चढवलं की सगळं सुरक्षित, असाही समज होता. कोरियात २००९ मध्ये पेग चढवलेले १३ नॅनोमीटरचे कण उंदरांना दिले, तर यकृतात दाह दिसला आणि काही पेशींनी आत्मघात केला. शिवाय काही माणसांच्या रक्तात पेगविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासून असतात.

आमच्या पिढीच्या डोक्यात एक नाव कायम असे : थोरोट्रास्ट. १९३० च्या दशकात आलेलं, क्ष-किरण चित्रात रक्तवाहिन्या ठसठशीत दाखवणारं औषध. थोरियम ऑक्साइडचे बारीक कण, वर डेक्स्ट्रिनचा, म्हणजे पिष्टाच्या भावंडाचा आधार. टोचलं त्या दिवशी, त्या आठवड्यात कुणाला काही होत नसे. कण यकृतात जाऊन बसले ते बसलेच. थोरियम किरणोत्सारी, त्यामुळे वीस-तीस वर्षांनी लोकांना यकृताचे कर्करोग झाले. सोनं किरणोत्सारी नाही, तुलना तिथे संपते. पण 'आठवडाभरात काही झालं नाही' हे वाक्य मी तेव्हापासून अहवालात कुणाला लिहू दिलं नाही.

मग परवानगी कशी मिळते? आजार बघून. अमेरिकेत ह्यूस्टनच्या कंपनीने सिलिकाच्या गोळीवर सोन्याचं कवच आणि त्यावर पेग असे सुमारे १५० नॅनोमीटरचे कण केले. रक्तातून ते गाठीत जमतात, मग लेझर टाकला की तापून गाठ जाळतात. आधी पेशी, मग उंदीर, मग बीगल जातीची कुत्री, काही महिने पाळत ठेवून. मग माणसं. पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) कर्करोगाच्या १६ रुग्णांचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्याआधी, २०१० च्या अहवालात, २७ नॅनोमीटरच्या सोन्यावर टीएनएफ हे गाठ मारणारं प्रथिन आणि पेग बसवून प्रगत कर्करोगाच्या रुग्णांना दिलं होतं. नुसतं टीएनएफ दिलं की रक्तदाब कोसळतो, म्हणून मात्रा वाढवता येत नसे. सोन्यावर बसवल्यावर त्या मर्यादेच्या पुढे जाता आलं. शिकागोत मेंदूतल्या परत आलेल्या गाठीच्या आठ रुग्णांना १३ नॅनोमीटरचे कण दिले, शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीत ते सोनं सापडलं. हा अहवाल २०२१ चा.

यातला एकही रुग्ण सर्दीसाठी आलेला नव्हता, सर. ज्याच्यासमोर काही महिनेच आहेत त्याच्या यकृतात थोडं सोनं उरलं तर तो सौदा आहे. तेच सोनं 'ऊर्जा वाढवणारं सुवर्णजल' म्हणून तिशीतल्या धडधाकट माणसाला विकणं, याला माझ्या शब्दकोशात वेगळा शब्द आहे, संपादक छापणार नाहीत. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतला मला पटणारा भाग हा की मूळ पदार्थ माहीत आहे म्हणून नॅनोरूपाला आपोआप सूट नाही, प्रत्येक औषध स्वतंत्र बघायचं. माप बदललं, मुलामा बदलला, की कागद पुन्हा पहिल्यापासून.

प्रश्न : गर्भधारणेच्या पट्ट्यांमध्ये सोनं असतं हे वाचून आमच्या ह्यांनी वापरलेल्या पट्ट्या साठवायला सुरुवात केली आहे. त्यांना काय सांगू? – एक गृहिणी, नाशिक

एका पट्टीतलं सोनं मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. ग्रॅमभर जमायला त्यांना लाखोंच्या हिशोबात पट्ट्या लागतील आणि मग वितळवण्याआधी त्या धुवाव्या लागतील. कशापासून, ते ह्यांना तुम्हीच सांगा.